माणसे जोडणाऱ्या चार गोष्टी



नव्याने दीक्षा घेतलेल्या घरात गेलो की एक प्रश्न हमखास विचारला जातो. देव्हारा रिकामा केला, उपासतापास सोडले, अंगारेधुपारे बंद केले, भिंतीवर तथागतांची आणि परमपूज्य बाबासाहेबांची प्रतिमा लावली. त्रिसरण-पंचशील पाठ झाले. आता पुढे काय करायचे? पूर्वी सकाळी उठून देवाला पाणी घालायचे, संध्याकाळी दिवा लावायचा, हे तरी काम होते. आता बौद्ध माणसाने रोज करायचे असे काय आहे?

प्रश्न प्रामाणिक आहे, म्हणून त्याचे उत्तरही प्रामाणिकपणे दिले पाहिजे. हाच प्रश्न अडीच हजार वर्षांपूर्वी राजगृहातल्या एका तरुणापुढे उभा होता. त्याचे नाव सिगाल. वडिलांनी मरताना सांगितले म्हणून तो रोज पहाटे ओल्या वस्त्राने, ओल्या केसांनी उभा राहून सहा दिशांना हात जोडत असे. तथागत भिक्षेला निघाले असता त्यांनी त्याला पाहिले. त्यांनी त्याची टवाळी केली नाही. त्यांनी त्याला समजावले की, दिशांची पूजा अशी करीत नसतात. पूर्व दिशा म्हणजे आईवडील, दक्षिण म्हणजे गुरू, पश्चिम म्हणजे पत्नी आणि मुले, उत्तर म्हणजे मित्र आणि सोबती, खालची दिशा म्हणजे आपल्या हाताखाली राबणारी माणसे आणि वरची दिशा म्हणजे श्रमण. या माणसांशी नीट वागणे हीच दिशांची पूजा.

आपल्या प्रश्नाचे उत्तर येथेच आहे. ज्या वेळात आपण दगडापुढे हात जोडत होतो, तो वेळ आता माणसांसाठी आहे.

परंतु नीट वागायचे म्हणजे कसे? ते काय प्रत्येकाच्या लहरीवर सोडायचे? नाही. तथागतांनी त्याचीही रीत घालून दिली आहे. तिला पाली भाषेत ‘संगहवत्थु’ म्हणतात. संग्रहवस्तू म्हणजे फुटून जाणारी माणसे एकत्र धरून ठेवणाऱ्या गोष्टी. त्या चार आहेत. दान, प्रियवचन, अर्थचर्या आणि समानत्तता. गोड बोलणे म्हणजे प्रियवचन. दुसऱ्याच्या उपयोगी पडणे म्हणजे अर्थचर्या. आणि समानत्तता म्हणजे समोरच्याला आपल्याबरोबरीचा मानून वागणे.

आळवी नगरात हत्थक नावाचा एक उपासक होता. तो एकदा पाचशे उपासकांना घेऊन तथागतांच्या भेटीला आला. एवढी माणसे तू कशी धरून ठेवलीस, असे तथागतांनी त्याला विचारले. हत्थक म्हणाला, भगवंतांनी शिकवलेल्या चार गोष्टींनीच. जो दानाने जोडला जाईल त्याला मी दान देतो, जो गोड शब्दाने जोडला जाईल त्याच्याशी गोड बोलतो, ज्याला मदत हवी त्याच्या मदतीला जातो आणि ज्याला बरोबरीची वागणूक हवी त्याला बरोबरीने वागवतो. मग हत्थकाने एक मोठी खरी गोष्ट सांगितली. तो म्हणाला, माझ्या घरी संपत्ती आहे. मी गरीब असतो तर या लोकांनी माझे असे ऐकले नसते.

हे वाचून आपल्यापैकी कोणी म्हणेल, “मग गुरुजी, आमचे काय? आमच्या घरी कुठे संपत्ती आहे?” बांधवांनो, चारही गोष्टी पुन्हा एकदा मोजून पाहा. पहिल्या गोष्टीला पैसा लागतो, तोही दरवेळी लागतोच असे नाही. उरलेल्या तिन्हींना पैसा लागत नाही. गोड शब्दाला दाम पडत नाही. आजाऱ्याजवळ रात्रभर बसायला जागरण लागते, पैसा लागत नाही. आणि समोरच्याला बरोबरीचा मानायला मनाशिवाय दुसरे काही लागत नाही. हत्थकाकडे संपत्ती होती, आपल्याकडे अनुभव आहे. माणसाने माणसाला कमी लेखले की काय होते हे आपल्याइतके कोणाला कळणार?

आता या चारही गोष्टी एकेक करून पाहू.

पहिले दान. दान म्हटले की मोठी रक्कम, संगमरवरी पाटी आणि पाटीवर नाव एवढेच आपल्या डोळ्यांपुढे येते. पण एका लहानशा दानाने केवढे मोठे काम झाले हे आपल्या बाबासाहेबांच्याच चरित्रात पाहा. भीमराव इंग्रजी चौथीची परीक्षा पास झाले. आज चौथी-पाचवी पास होण्याचे कोणी कौतुक करणार नाही, पण त्या काळी आपल्या समाजात ती अपूर्व गोष्ट होती. समाजाच्या लोकांनी सभा भरवून अभिनंदन करायचे ठरवले. सभेच्या अध्यक्षस्थानी कृष्णाजी अर्जुन केळूसकर हे शिक्षक आणि लेखक होते. त्यांनी १८९८ साली मराठीत गौतम बुद्धांचे चरित्र प्रसिद्ध केले होते. त्या चरित्राची एक प्रत त्यांनी या मुलाच्या हाती दिली. मुलाने ती वाचली. पुढे बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथासाठी जी प्रस्तावना लिहिली, तिच्यात बुद्धाकडे आपण कसे वळलो हे सांगताना त्यांनी याच पुस्तकापासून सुरुवात केली आहे. महाभारत-रामायण वाचायला लावलेत, मग बौद्ध वाङ्मय आम्हांला का दाखवले नाही, असा प्रश्न त्या मुलाने आपल्या वडिलांना विचारला. याच केळूसकरांनी पुढे महाराज सयाजीराव गायकवाडांकडे शब्द टाकला आणि भीमरावांना दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली.

एक पुस्तक दिल्याने धर्मांतर झाले असे म्हणणे अर्थात चुकीचे होईल. १४ ऑक्टोबर १९५६ या दिवसामागे बाबासाहेबांचा आयुष्यभराचा अभ्यास आणि लाखो माणसांचा लढा आहे. परंतु त्या मुलाला बुद्धाचे नाव प्रथम नीट कळले ते एका शिक्षकाच्या लहानशा भेटीमुळे, हे मात्र स्वतः बाबासाहेबांनीच नोंदवून ठेवले आहे. देणाऱ्याला त्या दिवशी काय ठाऊक होते? त्याने एका हुशार मुलाला पुस्तक दिले, एवढेच. आज चैत्यभूमीवर ‘एक वही, एक पेन’ घेऊन जाणारी माणसे हेच दान करीत असतात. हाराफुलांचे दुसऱ्या दिवशी निर्माल्य होते, वहीचा मात्र एका मुलाला वर्षभर उपयोग होतो.

दुसरे प्रियवचन. आपल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. गावात त्यांना कोणत्या नावाने हाक मारीत? साठ वर्षांच्या माणसाला दहा वर्षांचे पोर ‘अरे’ म्हणे, आणि म्हातारा त्याला ‘जी’ म्हणे. जातीचे नाव हीच हाक आणि तीच शिवी होती. माराची जखम भरून आली, पण त्या हाकेची भरली नाही, असे सांगणारी माणसे आपल्या घराघरांत होती. म्हणून शब्दाचे वजन आपल्याला दुसऱ्यांनी शिकवायला नको.

मग आज आपण कोणाला कशी हाक मारतो? आपल्या वसाहतीत कचरा उचलायला येणाऱ्या बाईला आपली मुले काय म्हणतात? संडास साफ करायला आलेल्या माणसाला आपण ‘मामा’ म्हणतो, ‘काका’ म्हणतो, की ‘ए, इकडे ये’ म्हणतो? घरातल्या सुनेला पाहुण्यांसमोर कोणत्या शब्दांत बोलतो? कार्यालयात साहेब म्हणून खुर्चीवर बसलेला आपला शिकलेला बांधव शिपायाला कोणत्या शब्दांत हाक मारतो? पंचशीलातले चौथे शील फक्त खोटे बोलू नये एवढ्यापुरते नाही. तथागतांनी सम्यक वाणीत कठोर बोलणे, चहाडी आणि वायफळ बडबड यांचाही त्याग सांगितला आहे. एखाद्या माणसाला आयुष्यात पहिल्यांदा कोणी ‘अहो’ म्हटले, तर तो स्वतःकडे कसा पाहू लागत असेल? आणि ‘अहो’ म्हणणाऱ्याकडे कसा पाहत असेल? आपण एक अक्षर बदलतो आणि समोरच्या माणसाची मान वर होते.

तिसरी अर्थचर्या, म्हणजे उपयोगी पडणे. विनयपिटकात एक प्रसंग आहे. तथागत आनंदाला बरोबर घेऊन भिक्षूंच्या राहण्याच्या जागा पाहत होते. एक भिक्षू हगवणीने आजारी होता आणि स्वतःच्याच घाणीत पडला होता. तथागतांनी विचारले, तुझी शुश्रूषा करणारे कोणी नाही काय? तो म्हणाला, नाही भगवन, मी इतर भिक्षूंच्या काही कामाचा नाही, म्हणून ते माझ्याकडे पाहत नाहीत. तथागतांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले. स्वतः तथागतांनी पाणी ओतले आणि आनंदाने त्याला धुतले. मग तथागतांनी डोक्याकडून आणि आनंदाने पायांकडून धरून त्याला उचलले व बिछान्यावर निजवले. त्यानंतर त्यांनी भिक्षुसंघाला एकत्र बोलावून सांगितले की, तुम्हांला येथे आई नाही, बाप नाही. तुम्ही एकमेकांची सेवा केली नाही तर कोण करणार? ज्याला माझी सेवा करायची असेल त्याने आजाऱ्याची सेवा करावी.

या प्रसंगातले त्या भिक्षूचे उत्तर ध्यानात ठेवण्यासारखे आहे. मी कोणाच्या कामाचा नाही, म्हणून माझ्याकडे कोणी पाहत नाही. जगाचा व्यवहार असाच चालतो. जो उपयोगी पडेल त्याच्या उपयोगी पडायचे. नोकरीला लावणारा पाहुणा आला की चहा, पोहे, जेवण. आणि गावाकडचा दमेकरी चुलता दवाखान्यासाठी शहरात आला की घरात कुजबूज. तथागतांनी हिशेब उलटा केला. ज्याच्याकडून परत काही मिळण्यासारखे नाही, त्याच्याजवळ ते आधी गेले. आणि त्यांनी हे प्रवचन देऊन सांगितले नाही, आधी हाताने केले आणि मग सांगितले. संघातल्या भिक्षूंची त्या आजाऱ्याकडे पाहण्याची दृष्टी बदलली असेल, तर ती पाण्याच्या त्या भांड्यामुळे बदलली असेल.

आता चौथी गोष्ट, समानत्तता. माझ्या मते पहिल्या तिन्हींचा जीव या चौथीत आहे. ही नसेल तर दानाचा उपकार होतो, गोड बोलण्याची मेहेरबानी होते आणि मदतीची दया होते. हे नीट समजण्यासाठी पुन्हा बाबासाहेबांच्या लहानपणाकडे जाऊ.

साताऱ्याच्या शाळेत भीमराव गोणपाटाचा तुकडा घरून नेऊन कोपऱ्यात वेगळे बसत. तहान लागली तरी नळाला हात लावायची सोय नव्हती. शिपायाने नळ सोडला तरच पाणी मिळायचे, शिपाई नसला की तहानलेलेच राहायचे. पुढे याच वेदनेने त्यांच्याकडून पाण्याचा लढा उभारून घेतला. त्याच काळात आंबेडकर नावाचे एक ब्राह्मण गुरुजी त्यांना भेटले. त्यांचा या मुलावर जीव होता. दुपारच्या सुट्टीत ते आपल्या शिदोरीतली भाकरी-भाजी रोज त्याला देत. भाकरी देत, पण वरून त्याच्या हातावर टाकत. स्पर्श होऊ नये एवढी काळजी त्या प्रेमातही होती.

बाबासाहेबांनी ही भाकरी आयुष्यभर लक्षात ठेवली आणि तिचा उल्लेख त्यांनी नेहमी अभिमानाने केला. त्या गुरुजींचे पत्र त्यांनी जपून ठेवले. केवढे मोठे मन! वरून टाकलेल्या भाकरीतला जिव्हाळा त्यांनी ओळखला. पण त्याच बाबासाहेबांनी आपल्या लोकांना ‘वरून भाकरी टाकणारे गुरुजी शोधा’ असे सांगितले नाही. त्यांनी सांगितले, शिका, संघटित व्हा, संघर्ष करा. जिव्हाळ्याबद्दल कृतज्ञ राहायचे आणि तरीही बरोबरीवरचा हक्क सोडायचा नाही, या दोन्ही गोष्टी त्यांच्या ठायी एकत्र होत्या. त्या गुरुजींजवळ दान होते, प्रेमाचा शब्द होता, मदत करण्याची इच्छाही होती. चौथी गोष्ट मात्र त्या काळाच्या रूढीने त्यांना करू दिली नाही. ती रूढी मोडण्याचे काम बाबासाहेबांनी हाती घेतले.

ही चौथी गोष्ट कशी असते हे पाहायचे तर आनंदाकडे पाहा. आनंद पाणवठ्यावर गेला. तेथे प्रकृती नावाची चांडाळ कुळातली मुलगी घडा भरत होती. आनंदाने तिच्याकडे पाणी मागितले. ती दचकली. म्हणाली, मी चांडाळाची मुलगी आहे, तुम्हांला पाणी कसे देऊ? आनंद म्हणाला, मी तुझी जात विचारली नाही, मला पाणी हवे आहे. तिने पाणी दिले आणि तो प्याला. पुढची कथा मोठी आहे. शेवटी तथागतांनी तिला उपदेश केला आणि ती संघात आली.

या प्रसंगाचा जितका विचार करावा तितका तो मोठा वाटतो. आनंदाने तिला काहीही दिले नाही. दान नाही, कपडा नाही, उपदेशही नाही. त्याने तिच्याजवळ हात पसरला आणि तिच्या हातचे घेतले. आजवर तिला सगळ्यांनी सांगितले होते की, तुझ्या स्पर्शाने पाणी बाटते. आणि हा मनुष्य म्हणतो, तुझ्या पाण्याने माझी तहान भागेल. एका घोटात त्या मुलीची स्वतःकडे पाहण्याची दृष्टी बदलली. देणारा नेहमी वर असतो आणि घेणारा खाली, हा जगाचा समज आनंदाने मोडला. दुबळ्या माणसाला काही देणे सोपे असते, कारण देताना आपला हात वर राहतो. त्याच्या हातचे आनंदाने घेणे अवघड असते, कारण तेथे दोन्ही हात एका पातळीवर येतात.

म्हणूनच बाबासाहेबांनी नुसती करुणा पुरेशी मानली नाही. करुणेच्याही पुढे जाऊन तथागतांनी मैत्री शिकवली, हे त्यांनी आपल्या ग्रंथात स्पष्ट केले आहे. संविधानात स्वातंत्र्य आणि समता यांच्या जोडीला त्यांनी बंधुता आणली. आपल्या तत्त्वज्ञानाची मुळे फ्रेंच राज्यक्रांतीत नसून बुद्धाच्या शिकवणुकीत आहेत, असे त्यांनी १९५४ साली आकाशवाणीवरील भाषणात सांगितले.

आता एक गोष्ट स्पष्टपणे बोलली पाहिजे, कारण ती आपल्याच घरातली आहे. मी शाळेत शिकवतो. माझ्या वर्गात एका वर्षी पालावरून येणारा एक मुलगा होता. भटक्या कुटुंबातला, कपडे मळके, दप्तर फाटके. आमच्या वसाहतीतली मुले त्याच्याजवळ बसत नसत. विचारले तर सांगत, “आई नको म्हणाली.” चौदा एप्रिलला मंडळाने त्याला वही दिली, पेन दिला, छायाचित्रही काढले. त्याने वही घेतली आणि तो पुन्हा आपल्या कोपऱ्यात जाऊन बसला. वर्गाच्या वागण्यात काही फरक पडला नाही.

मग बोरांचे दिवस आले. एके दिवशी दुपारच्या खिचडीनंतर आमच्या वसाहतीतली एक मुलगी सरळ त्याच्याकडे गेली आणि म्हणाली, “मला दे ना दोन बोरं.” त्याने खिशातून बोरे काढली, सदऱ्याला पुसली आणि तिला दिली. तिने तेथेच उभ्याउभ्या खाल्ली. दुसऱ्या दिवशी तो खिसा भरून बोरे घेऊन आला आणि येऊन तिच्या रांगेत बसला. वहीने जे झाले नाही ते दोन बोरांनी झाले. त्या मुलीला आनंद ठाऊक नव्हता आणि प्रकृतीही ठाऊक नव्हती. तिला फक्त बोरे हवी होती.

ही गोष्ट घरी कळली तेव्हा आई रागावली. त्या घरातल्या आजींनीच मला नंतर हे सांगितले. आजी सुनेला म्हणाल्या, “अगं, ओंजळीत वरनं पडलेलं पानी मी प्यालेय. त्येची चव अजून इसरले न्हाय. पोरीला बोरं खाऊ दे.” सून त्यावर काही बोलली नाही. पुढच्या वर्षी पाल उठले आणि तो मुलगा आमच्या शाळेत राहिला नाही. पण त्या घरात त्या विषयावरचे बोलणे अजून चालू आहे, असे आजी सांगतात.

बांधवांनो, दीक्षेच्या वेळी बावीस प्रतिज्ञा आपण मोठ्या आवाजात म्हटल्या. सर्व माणसे समान आहेत असे मी मानतो, ही त्यांतली नववी. समता स्थापन करण्याचा प्रयत्न करीन, ही दहावी. या प्रतिज्ञा फक्त वरच्यांना ऐकवण्यासाठी होत्या काय? ज्यांना गावाने आपल्याही खाली लोटले त्यांच्यासाठी त्या नाहीत काय? मातंग बांधव, चर्मकार बांधव, वाल्मीकी बांधव, पालावरचे बांधव यांच्या घरचे पाणी आपण पितो काय? त्यांच्या लग्नात पंगतीला बसतो काय, की पाकीट देऊन दारातून परततो? आपल्याच बौद्ध समाजात सोयरीक जमवताना जुन्या पोटजातीची चौकशी हळूच होते की नाही? याचे उत्तर प्रत्येकाने आपल्या घरात द्यावे. उतरंडीतले एक मडके वर सरकले म्हणजे उतरंड मोडली असे होत नाही.

येथे आपला तरुण बांधव रागाने विचारील, “मग ज्यांनी आमच्यावर अन्याय केला त्यांच्याशीही गोड बोलायचे? आम्ही चांगले वागलो म्हणून ते बदलणार काय? अत्याचार होतात तेव्हा ही मैत्री कुठे जाते?” हा राग खोटा नाही आणि त्याला उपदेशाने दाबणे बरोबर नाही.

हक्क हा कोणाच्या चांगुलपणावर सोडायचा नसतो. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी बाबासाहेबांनी आणि हजारो माणसांनी प्यायले, ते कोणाच्या मेहेरबानीने नव्हे. परत फिरलेल्या आपल्या लोकांवर हल्ला झाला, डोकी फुटली. त्या वेळी बाबासाहेबांनी चिडलेल्या लोकांना आवरले. ते घाबरले नव्हते. पुढे न्यायालयात दहा वर्षे झगडून १९३७ साली त्यांनी मुंबई उच्च न्यायालयात विजय मिळवला. अन्याय झाला तर फिर्याद द्यावी, साक्षीला उभे राहावे, कायद्याचा आधार घ्यावा. यात मैत्रीला कोठेही बाध येत नाही. त्याच महाडात हल्ला झाला तेव्हा काही मुसलमान घरांनी आपल्या माणसांना आसरा दिला. दार उघडणे ही लहानशी कृती आहे. पण मार खाऊन आलेल्या माणसाला तेच दार जन्मभर आठवते. परिषदेत आपल्या बाजूने उभे राहिलेले सवर्ण कार्यकर्तेही होते, हेही आपण विसरत नाही.

आणि शिवी देणाऱ्याचे काय? भारद्वाज कुळातला एक ब्राह्मण रागावून तथागतांना नाही नाही ते बोलला. तथागतांनी त्याला विचारले, तुझ्या घरी पाहुणे येतात तेव्हा तू त्यांच्यापुढे अन्न ठेवतोस ना? त्यांनी ते घेतले नाही तर ते कोणाचे राहते? तो म्हणाला, माझेच. तथागत म्हणाले, तसेच हे तुझे शिव्याशाप आम्ही घेत नाही, ते तुझ्यापाशीच राहिले. ऐकणारा लाचार होऊन गप्प बसला नाही आणि उलट शिवी देऊन त्याच्या पातळीवरही उतरला नाही. तो ब्राह्मण पुढे संघात आला. प्रत्येक शिवी देणारा असा बदलेल असे मी सांगत नाही. तो बदलो वा न बदलो, आपले मन त्याच्या ताब्यात जाऊ द्यायचे नाही, एवढे तर आपल्या हाती आहे.

म्हणून कायदा आणि मैत्री यांना एकमेकांविरुद्ध उभे करू नका. कायद्याने विहीर खुली होते. त्या विहिरीवर शेजारी उभ्या असलेल्या बाईने आपली घागर आपणहून उचलून दुसरीच्या डोक्यावर द्यावी, हे कायदा करू शकत नाही. तेथे मैत्रीच लागते. हक्क मागताना मैत्री सोडू नका आणि मैत्री करताना हक्क सोडू नका.

लहान कृतीने दुसऱ्याची दृष्टी बदलते असे आपण म्हणतो. पण आधी ती कृती करणाऱ्याची दृष्टी बदलते. अष्टांगिक मार्गाचे पहिले अंग सम्यक दृष्टी आहे, आणि दृष्टी नुसते ग्रंथ वाचून येत नाही. पालावर जाऊन एक पेला पाणी प्यायलेला मनुष्य परत येतो तेव्हा त्याला पालावरची माणसे दिसू लागतात, त्याआधी त्याला फक्त पाल दिसत होते. अशा माणसाला समता म्हणजे काय हे वेगळे शिकवावे लागत नाही.

तेव्हा नव्याने धम्मात आलेल्या कुटुंबांनो, आता पुढे काय करायचे या प्रश्नाचे उत्तर घेऊन जा. येत्या पौर्णिमेला विहारात वंदना झाली की लगेच घरी परतू नका. ज्या घरी आपण कधी गेलो नाही अशा एका घरी सहकुटुंब जा. काही वाटायला जाऊ नका, छायाचित्र काढायला जाऊ नका आणि धम्म समजावून सांगायलाही जाऊ नका. बसा, मुलाबाळांची चौकशी करा आणि पाणी मागा. चहा आला तर चहा घ्या. निघताना त्यांना आपल्या घरी बोलवा, आणि ते आले की घरात जे कप पाहुण्यांसाठी ठेवले आहेत त्याच कपांतून त्यांना चहा द्या. आपली मुले हे पाहत असतील. त्रिसरण-पंचशील त्यांना पाठ होईलच. हे पाहिलेले मात्र ती जन्मभर विसरणार नाहीत.

पुढच्या पौर्णिमेला दुसरे घर.

सर्वांचे मंगल होवो.

नमो बुद्धाय! जय भीम!